धुक्यात चादरी कोण वाळत घालतं

अक्का,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माईक माझ्या हातात आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो नको होता. हे ऐकून तू आधी हसली असतीस आणि मग चष्मा खाली करून माझ्याकडं बघितलं असतंस. बारशात 'दोन शब्द बोला' म्हटलं की पाळणा हलवणारीचा हात भरून येईपर्यंत बोलणारा मी. साखरपुड्यात माझ्या गोष्टीपायी पंगतीतला भात गार झाल्याचं दाजी अजून ऐकवतात.

त्रिसरण-पंचशील झालं, प्रतिमांना आणि तुझ्या फोटोला फुलं वाहून झाली. शाळेतल्या बाई बोलल्या, तुझे दोन जुने विद्यार्थी बोलले. सूत्रसंचालन दाजींचा पुतण्या करत होता. तो म्हणाला, "आता आपल्या घराण्याचे कथाकार, दिनेशमामा. मामा, पाच मिनिटं हां, मागं जेवण तयार आहे." लोक हसले. शोकसभेत हसायला मिळालं की लोक जरा सुटल्यासारखे हसतात. मीही हसलो. खिशात सहा पानं होती, घडी करून करून मऊ पडलेली. चौथ्या पानावर तुझी लाल शाई.

प्रज्ञा पहिल्या रांगेत बसली होती. सकाळी मंडपात सतरंज्या टाकताना तिनं मला गाठलं होतं. "मामा, आजीची गोष्ट सांग. चादरींची. आईची आवडती होती ती."

तुझी आवडती. अक्का, तुझ्या लेकीला तुझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे. एवढं एक सोडून.

ती गोष्ट मी घरात किती वेळा सांगितली असेल? तुला पाठ होती, तरी इथं मांडतो, कारण ती कशी बांधलेली आहे हे माझ्यापेक्षा तुला जास्त कळलं होतं. आपली आई माथेरानच्या हॉटेलात धुलाईच्या कामाला. भादवा सरत आलेला, मिनी ट्रेन बंद, मी सत्तावीस वर्षांचा घोडा तिला भेटायला वर गेलेलो. हॉटेलच्या मागच्या अंगणात दोरीवर पांढऱ्या चादरी. आईचा उजवा हात एकाएकी जड पडतो. मी तिला घेऊन निघणार, एवढ्यात धुकं उतरतं. इथं मी आवाज खाली आणायचो. "आधी झाडं गेली. मग वाट गेली. मग चादरी गेल्या. पांढऱ्यात पांढरं मिसळलं आणि आईचा हात तेवढा माझ्या हातात राहिला." हातरिक्षा सापडत नाही, पावलापुढचं दिसत नाही. दस्तुरीला, जिथून पुढं गाड्यांना बंदी आहे तिथं, तू जीप घेऊन उभी. आम्ही पोचतो तेव्हा पावणेदोन तास गेलेले असतात आणि आईचं बोलणं धुक्यात कुठंतरी मागं राहिलेलं असतं.

बायका पदर डोळ्याला लावायच्या. मी पाणी मागायचो. पाणी पिताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचो, कोण कोण रडतंय. असला मी.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली, तुझ्याकडं. एक शब्द बोलली नाही. जिच्याकडून मी गोष्ट सांगायला शिकलो ती गप्प झाली आणि तिची गादी मला मिळाली. त्या सहा वर्षांत ती कोपऱ्यात खाटेवर बसलेली असतानाही मी ही गोष्ट सांगितली, दोनदा की तीनदा. धुकं आलं की आई डावा हात उचलायची आणि हवेत झटकायची. पुन्हा पुन्हा. सगळे हसायचे. चारपाच वर्षांची प्रज्ञा टाळ्या वाजवायची, "आजी पण गोष्ट सांगते." मी तर फुलून जायचो. म्हटलं, आई दाद देते. तू मात्र त्या वेळी उठून चहा टाकायला जायचीस. आता आठवतं, दर वेळी.

तुझ्या वर्गात मी एकदाच बसलो होतो. तुला डबा द्यायला आलो आणि तू म्हणालीस, बस मागं, तास संपू दे. दहावीची पोरं होती. गोष्टीतलं प्रतीक म्हणजे काय ते शिकवत होतीस. फळ्यावर काही लिहिलं नाहीस. पोरांना म्हणालीस, "दाराबाहेर बघा. चपला किती?" पोरांनी मोजल्या. "म्हंजे आत माणसं किती? लेखक तेवढंच करतो. चपला दाखवतो, माणसं तुमी मोजायची." एका पोरीनं विचारलं, "बाई, आणि आत कोणी नसताना नुसत्याच चपला ठेवल्या तर?" तू म्हणालीस, "तर तो लेखक लबाड. चपला चांगल्या असतील, पण लबाड." मी मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन मान डोलावली. काही कळलं नव्हतं, हे आत्ता कबूल करतो.

आणखी एक सांगितलं होतंस त्या तासाला. एकच शब्द गोष्टीत तीनदा आला, तर तिसऱ्या वेळी त्याचा अर्थ बदललेला असला पाहिजे. नाहीतर तो लेखकाचा विसरभोळेपणा.

तुझी वह्या तपासायची पद्धत सगळ्या तालुक्यात माहीत होती. चूक दिसली की खाली लाल रेघ मारायचीस, बरोबर शब्द कधी लिहायची नाहीस. पालक तक्रार घेऊन यायचे, की बाई नुसत्या रेघा मारतात, दुरुस्त करून देत नाहीत. तुझं उत्तर ठरलेलं, "बरोबर शब्द मी लिहिला तर तो माझा झाला. पोराच्या वहीत माझं काय काम?" पोरानं स्वतः शोधून लिहिलं की मग बाजूला बरोबरची खूण. तिची शेपटी लांब, पुढच्या ओळीत घुसणारी.

होळीच्या आसपास प्रज्ञाच्या डोक्यात आलं की घरातल्या गोष्टींची छोटी पुस्तिका छापायची. मामानं बोलायच्या ऐवजी एकदा लिहावं. मी कुंभिवलीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, माझं सगळं लेखन म्हणजे 'नट-बोल्ट, नग बारा'. तरी दुपारच्या सुट्टीत बसून सहा पानं लिहिली. धुक्यावर दीड पान खर्च केलं. स्वतःच वाचून स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणलं. तुझ्या घरी नेऊन दिली आणि म्हणालो, "काना-मात्रा बघ फक्त."

आठवड्यानं तू पानं पुढं केलीस. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. तुझ्या हातून पान कोरं सुटणं ही माझ्या दृष्टीनं पदवीच होती, मी खुर्चीत जरा पसरून बसलो. चौथ्या पानावर एक रेघ होती. शब्दाखाली नव्हती. वर 'चादरी' ला गोल, खाली 'धुकं' ला गोल आणि दोघांना जोडणारी वाकडी लाल रेघ. शेवटी प्रश्नचिन्ह.

"हे काय?"

"वाच की रं. तुझंच हाय."

"मला काय दिसत नाय."

"मग बस बघत."

मी तावातावानं बोललो. गोष्टीत थोडं इकडंतिकडं चालतं, सगळं जसंच्या तसं सांगायला मी काय पंचनामा लिहितोय का, कल्पना नावाची काही गोष्ट असते. तू पोह्यांवर खोबरं घालत होतीस. वर न बघता म्हणालीस, "कल्पनेला कोण नाय म्हणतंय? धुकं चांगलंच उतरलंय. इतकं चांगलं, की पंचवीस वर्षं मी पण त्यातच उभी हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय. पोहे खा."

मी पोहे तसेच ठेवून निघालो. पन्नाशी ओलांडलेला माणूस बहिणीच्या घरून रुसून निघाला आणि बाहेर स्कूटर चालू होईना. तू खिडकीतून बघत होतीस. तिसऱ्या किकला चालू झाली तेव्हा तू म्हणालीस, "पानं इसरलास." मी परत आलो, पानं घेतली, पुन्हा रुसलो आणि गेलो.

त्यानंतर तुझा फोन आला, आषाढात. "कधी येतोस? बोलायचंय."

मी म्हणालो, "निघालोच."

फोन चालू होता, पलीकडं तुझा कुकर वाजत होता. मग ठेवलास. त्या शब्दावर तू का थांबलीस ते मला त्या क्षणी कळलं होतं आणि म्हणूनच मी आलो नाही. तू गेलीस त्या सकाळी मात्र लगेच निघालो, तास लागला नाही.

चौथ्या दिवशी पानं उघडली. खरं सांगायचं तर रेघेचा अर्थ मला पहिल्याच नजरेत कळला होता, होळीलाच. धुलाईवालीची पोरं आपण. आई आकाश बघितल्याशिवाय बादली उचलायची नाही. ढगाचं एक बोट दिसलं तरी चादरी आत, हॉटेलचा मॅनेजर ओरडला तरी आत. आणि मी माझ्या गोष्टीत, फक्त छान दिसतं म्हणून, चादरी बाहेर ठेवल्या आणि वर धुकं उतरवलं. दुसऱ्या कुणाला त्यात काही खटकलं नसतं. धुक्यात चादरी कोण वाळत घालतं, हा प्रश्न आपल्या आईच्या लेकीलाच पडणार. गंमत बघ, त्या पानावरच्या दोन गोष्टींपैकी खरी एकच होती आणि ती मी सजावट म्हणून घातली होती.

तर काल माईक हातात होता. मंडपात सगळे पांढऱ्या कपड्यांत. माझ्या डोक्यानं लगेच सवयीनं चाळा सुरू केला, पांढरे कपडे, पांढऱ्या चादरी, सुरुवात छान होईल. स्वतःचीच लाज वाटली. धुक्याची गोष्ट तोंडावर आलेली होती, पाठच होती ती. सांगितली असती तर सगळे रडले असते, प्रज्ञा गळ्यात पडली असती, तू फोटोतून बघत राहिली असतीस. आणि मग ती छापली गेली असती, तुझ्या नावानं, तुझी आवडती म्हणून.

मी म्हणालो, "त्या दिवशी ऊन होतं."

पुतण्यानं मान वर केली. गोष्ट अशी सुरू होत नाही हे त्यालाही माहीत होतं.

मग मी सांगितलं. तुला माहीत असलेलं आणि नसलेलं. हॉटेलच्या जेवणघरात पुण्याकडचे पाहुणे होते. मॅनेजर म्हणाला, हा आमच्या धुलाईवालीचा मुलगा, गोष्टी फार रंगवतो. मला खुर्ची दिली. हॉटेलच्या खुर्चीवर मी तोवर कधी बसलो नव्हतो. आई दारात आली, डाव्या हातानं उजवा हात धरून. म्हणाली, "दिन्या, हात जड झालाय रं. अक्काला शाळेत फोन लावलाय, ती जीप आणते दस्तुरीला. चल." काउंटरवर फोन अजून चालूच होता, मी कानाला लावला. तू विचारलंस, "निघालात?"

"आणि मी म्हणालो, निघालोच," मी माईकमध्ये म्हणालो. तेव्हा एकदा, आषाढात एकदा आणि आता तिसऱ्या वेळी. या वेळी तो शब्द जसा होता तसा ऐकू आला, मंडपातल्या चारी कोपऱ्यांत, स्पीकरवरून.

निघालो नाही. म्हटलं एक गोष्ट पुरी करू. पाहुणे हसले. दुसरी मागितली. मग चहा आला, मग तिसरी. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. लख्ख ऊन, चादरींकडं बघवत नव्हतं. आई दोरीवरून चादरी काढत होती, एका हातानं. टोक दातात धरून घड्या घालत होती. मी ते बघितलं. बघत बघत गोष्ट सांगत राहिलो आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी गोष्ट फार रंगली. मी गेलो तेव्हा घड्यांची थप्पी रचलेली होती आणि शेवटची चादर तिच्या पायाशी पडली होती. तिनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं. जे बाहेर आलं तो शब्द नव्हता.

पुढचं तू बघितलंस. दस्तुरीला उन्हात उभी होतीस, पदर डोक्यावर घेऊन. आत चालत आली असतीस तर चुकामूक झाली असती, आणि मी 'निघालोच' म्हटलं होतं म्हणून थांबलीस. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला? मी म्हणालो, "धुकं होतं डॉक्टर, फार धुकं होतं." त्यांनी हवामान विचारलं नव्हतं. तू शेजारी उभी होतीस. तू त्यांना विचारलंस, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्या 'सांगता येत नाही' च्या आडोशाला मी पंचवीस वर्षं काढली.

मागं भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. आपली थोरली मावशी म्हणाली, "जाऊ दे रं दिन्या, झालं गेलं." दाजी खाली बघत होते. मी प्रज्ञाकडं बघायचं टाळत होतो, पण माईक धरून माणूस किती वेळ पंख्याकडं बघणार?

ती माझ्याकडं बघत नव्हती. स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत होती. तिनं तो उचलला आणि हवेत हळूच झटकला. एकदा, दोनदा. आपली आई झटकायची तसा.

"मामा," ती म्हणाली, "आजी हे करायची. तू धुकं म्हणालास की."

मी हो म्हणालो.

"ती चादर झटकत होती. दोरीवर टाकताना झटकतात तशी." तिचा आवाज अगदी सपाट होता. "ती ऊन सांगत होती. आणि मी टाळ्या वाजवायचे."

अक्का, हे मला माहीत नव्हतं. तुझी रेघ कळली होती, पण आईचा हात कळला नव्हता. तोंडासमोर दोनदा, तीनदा तिनं माझी गोष्ट दुरुस्त केली आणि मी त्यालाच दाद समजलो. आणि तू चहा टाकायला उठायचीस.

मी माईक खाली ठेवला. पाच मिनिटं झाली असतील नसतील. माझ्या नावावरचा हा विक्रम कुणाच्या लक्षात आला नाही.

जेवताना प्रज्ञा माझ्या पंगतीला बसली नाही. वाढायला आली, भात वाढला, पुढं गेली. मी जेवलो. जेवण जातं, हेही एक आश्चर्यच. निघताना ती फाटकापाशी उभी होती. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, रागवेल, तिचा हक्क होता. ती एवढंच म्हणाली, "आईला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग तिनं का नाही सांगितलं? मला तरी?"

मी तिला वह्यांचं सांगितलं. लाल रेघेचं. दुसऱ्याच्या वहीत बरोबर शब्द लिहायचा नाही, ह्याचं. तिनं ते ऐकलं. तिला पटलं का, ते मला सांगता येणार नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही, अक्का. पंचवीस वर्षं म्हणजे फार मोठी सवलत दिलीस. एखादा शब्द लिहून टाकला असतास तर आई असताना मी तिच्या खाटेपाशी बसलो असतो. हे भांडण मला तुझ्याशी करायचं होतं. आषाढात आलो असतो तर झालंही असतं, आणि तू पोह्यांवर खोबरं घालत जिंकली असतीस.

फाटकाबाहेर पडल्यावर मी विचारलं, "पुस्तिकेत काय छापायचं मग? तू सांग."

एरवी ती तुझ्यासारखी गावचं बोलत नाही. मुंबईला नोकरीला लागल्यापासून तर नाहीच. पण काल म्हणाली, "मी नाय सांगणार. तुझंच हाय."

आणि आत गेली.

आज सुट्टी टाकलीय. सकाळपासून चौथं पान पुढ्यात घेऊन बसलोय. आधी वाटलं, 'धुकं' खोडून 'ऊन' लिहिलं की झालं. पण धुकं काढलं तर आख्खं दीड पान जातं. झाडं जातात ते जातं, हातात हात राहतो ते जातं, सगळी चांगली वाक्यं तिथंच होती. उरतात त्या चादरी आणि एका हातानं घड्या घालणारी बाई आणि खिडकीच्या आत बसलेला एक माणूस. त्याच्यासाठी आडोसा म्हणून एक झाडसुद्धा सापडत नाही.

तरी लिहिलं. दुपार गेली. वाक्यं आखूड आहेत, नट-बोल्टसारखी. एकाही ठिकाणी आवाज खाली आणायला जागा नाही. आईचा डावा हात शेवटी घातलाय, जसा होता तसा. त्याचा अर्थ काय ते लिहिलेलं नाही. चपला दाराबाहेर ठेवल्यात. आत माणूस आहे, वाचणारा मोजेल.

पान प्रज्ञाला पाठवायच्या आधी एकदा तुझ्यापुढं ठेवतोय. तुझी लाल रेघ तशीच राहू दिली आहे, ती खोडलेली नाही. आणि समासात, शेवटच्या ओळीपाशी, बरोबरच्या खुणेला पुरेल एवढी जागा सोडली आहे. शेपटीसकट.